गांज्याची केस झाली तर कागद कसा वाचायचा: बेळगाव, खानापूर, निपाणीवाल्यांसाठी

आपल्या भागात दारूचा कायदा पोरासोरांना पण तोंडपाठ असतोय. गोव्यात स्वस्त, चोर्ल्यातून आणली तर कणकुंबीला गाडी उघडायला लावतात, शिनोळीच्या पलीकडे महाराष्ट्राचं वेगळं, कोगनोळी नाक्याला वेगळं. हे सगळं माहीत असल्यामुळेच आपण गांज्याच्या बाबतीत फसतो, कारण तोच हिशोब आपण तिकडे लावतो. "गोव्यात चालतंय की ओ", "चंदगडात एवढं कोण बघतंय" वगैरे. दारू हा राज्याचा विषय, म्हणून हद्द बदलली की नियम बदलतो. गांजा केंद्राच्या अमली पदार्थांच्या कायद्यात येतो, एनडीपीएस १९८५, आणि तो बेळगावात, कोल्हापुरात, पणजीत शब्दन् शब्द सारखाच. गोव्यात बीचवर कुणी ओढताना दिसला म्हणजे तिथं परवानगी आहे असं काही नाही, एवढंच की त्या घडीला त्याला कुणी धरलं नाही.

उलट हद्द ओलांडताना घेऊन जाणं हे पण त्याच कलम २० मध्ये स्पष्ट लिहिलंय, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं-आणणं म्हणून.

मग सीमेमुळे बदलतं काय, तर धरणारं खातं, कोर्ट आणि कागदाची भाषा. आपल्याकडे सीईएन पोलीस (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणारे), साधं पोलीस स्टेशन नाहीतर अबकारीवाले धरतात, केस बेळगावच्या नाहीतर तालुक्याच्या कोर्टात चालते, हायकोर्ट म्हणजे धारवाड बेंच. तोच पोरगा शिनोळीच्या पुढे चंदगड हद्दीत सापडला तर केस कोल्हापूर जिल्ह्यात, आणि हायकोर्टासाठी आता मुंबईला जायला नको, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झालंय. गोव्यात सापडला तर सगळ्या तारखा गोव्यात. म्हणजे शिक्षा तीच, पण दर तारखेला रजा टाकून कुठल्या एसटीत बसायचं ते बदलतंय.

कागद हातात आला की आधी दोन आकडे शोधा

एफआयआर कन्नडमध्ये असतोय आणि घरातली मोठी माणसं मराठी शाळेतली, त्यामुळे पहिला अर्धा दिवस नुसता "काय लिहिलंय, काय लिहिलंय" यातच जातो. सगळं वाचता आलं नाही तरी चालेल. कलमाचा नंबर आणि वजन, हे दोन आकडे आधी काढा. सगळी केस त्यावर उभी असते.

फक्त २७(बी) लिहिलेलं असेल तर ती सेवनाची केस. म्हणजे ओढताना सापडला किंवा संशयावरून दवाखान्यात नेऊन लघवी तपासली आणि पॉझिटिव्ह आली. आपल्याकडे कॉलेजच्या पोरांवर होणाऱ्या बऱ्याच केसी ह्याच असतात. याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही.

कलम २० असेल तर वजन बघा. गांजा १ किलोच्या आत असेल तर छोटी मात्रा, एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. (२०१४ च्या आधी हे सहा महिने होतं, काही लोक अजून तेच धरून बसलेत.) १ किलोपासून २० किलोपर्यंत मधली मात्रा, दहा वर्षांपर्यंत आणि दंड एक लाखापर्यंत. २० किलोच्या वर गेलं की व्यापारी मात्रा, आणि इथं कमीत कमीच दहा वर्षं आहे, जास्तीत जास्त वीस, दंड एक ते दोन लाख. दहाच्या खाली उतरायला जजसाहेबांना पण वाव नाही.

चरस असेल तर हेच आकडे एकदम खाली येतात, छोटी मात्रा १०० ग्रॅमच्या आत आणि व्यापारी १ किलोच्या वर. हिमाचलला ट्रेकला जाऊन "थोडंसंच आणलं" म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं. आणि ब्राउनी, चॉकलेट असले प्रकार मागवणाऱ्यांनी अजून एक ध्यानात ठेवा, माल दुसऱ्या कशात मिसळलेला असेल तर नुसत्या अमली पदार्थाचं वजन न धरता एकूण मिश्रणाचं धरायचं, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये हिरा सिंग केसमध्ये सांगितलंय.

आता २९ नंबर दिसला तर सावध व्हा. ते कटाचं आणि मदत केल्याचं कलम. एकाच्या बॅगेत माल सापडतो आणि बाकीचे तिघं म्हणतात आमच्याकडे काहीच नव्हतं, पण फोनपेवर पैसे गेलेले असतात, व्हॉट्सअ‍ॅपवर "किती घेऊ" असलं चॅट असतंय, आणि २९ खाली शिक्षा मुख्य गुन्ह्याचीच. २५ दिसलं तर घर, रूम किंवा गाडी जाणूनबुजून वापरायला दिल्याचा आरोप. रूम भाड्याने देणाऱ्या टिळकवाडी, शहापूरकडच्या मालकांनी हे कलम एकदा वाचावंच. आणि ज्या गाडीतून माल नेला ती गाडी कलम ६० खाली जप्त होऊ शकते, मालकाला माहीत नव्हतं आणि त्याने काळजी घेतली होती हे त्यालाच दाखवावं लागतं. काकांची बाईक मागून नेऊ नका, एवढाच त्याचा अर्थ.

वजन कशाचं केलं ते बघा

हा मुद्दा वकील पण कधीकधी उशिरा काढतात, म्हणून वेगळा लिहितोय. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत. पण शेतातनं धरलेल्या मालात बऱ्याचदा ओली झाडं, बुडखा, मुळं, मातीसकट काट्यावर चढतात आणि पंचनाम्यात आकडा २२ किलो, २५ किलो असा येतो. वीसच्या अलीकडे का पलीकडे यावर दहा वर्षांचा प्रश्न आहे. त्यामुळे पंचनाम्यात काय लिहिलंय, झाड का शेंडे, ओलं का वाळलेलं, मॅजिस्ट्रेटसमोर कलम ५२ए प्रमाणे यादी, फोटो, सॅम्पल कधी घेतले, हे सगळं पहिल्याच भेटीत वकिलाला विचारा. आणि बरोबर २० किलो म्हणजे व्यापारी होत नाही, त्याच्या वर पाहिजे. हा शब्दाचा कीस काढल्यासारखं वाटतंय पण बेल याच्यावरच अडते.

शेतकऱ्यांसाठी, कारण उसात लावणारे आहेत

उसाच्या, मक्याच्या, हळदीच्या मधोमध चार-सहा झाडं लावलेली सापडली अशी बातमी आपल्या जिल्ह्यात वाचायला मिळतेच. लोकांचा समज असा की चारच झाडं आहेत, किलोभर पण माल निघणार नाही, म्हणजे छोटी मात्रा. तसं नाही. लागवडीला वेगळं कलम आहे, २०(ए), आणि त्यात झाडं किती हा हिशोबच नाही. दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, एक झाड असो का एक एकर.

जमीन वाट्याने किंवा लावणीने दिली असेल तर? कलम ४६ म्हणतं की आपल्या जमिनीत बेकायदा गांज्याचं झाड आहे हे जमीनमालकाला माहीत असेल तर त्याने लगेच पोलिसांना किंवा खात्याला कळवायला पाहिजे, जाणूनबुजून गप्प बसला तर तो पण शिक्षेला पात्र. गावच्या पंचांवर आणि गावकामगारांवर पण कलम ४७ खाली तशीच जबाबदारी आहे. म्हणून बेळगावात राहून गावाकडची जमीन वाट्याने देणाऱ्यांनी निदान हंगामात एक चक्कर मारावी, करारात पीक कोणतं ते लिहून घ्यावं, आणि काही दिसलंच तर स्वतः उपटून टाकण्यापेक्षा लेखी कळवून पोच घ्यावी. उपटून बांधावर टाकलेला माल तुमच्याच ताब्यात सापडला तर समजावता समजावता नाकीनऊ येतात.

भांगेचं काय

शिवरात्रीला, होळीला हा प्रश्न हमखास येतो. पानांपासून केलेली भांग एनडीपीएसच्या व्याख्येत येत नाही, आणि २०२२ मध्ये आपल्याच कर्नाटक हायकोर्टाने एका बिहारी तरुणाला बेल देताना हेच सांगितलं, त्याच्याकडे २९ किलो भांग आणि ४०० ग्रॅम गांजा सापडला होता. भांग बाजूला काढली आणि उरलेला गांजा छोट्या मात्रेत बसला. पण हे ऐकून लगेच भांग मोकळी झाली म्हणू नका, कारण भांगेवर राज्याचा अबकारी कायदा चालतो. म्हणजे इथं मात्र परत दारूसारखा हिशोब आला! महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेला पण लागू आहे, परवाना नसेल तर गुन्हा. आणि भांग म्हणून विकलेल्या गोळीत शेंडे वाटलेले निघाले तर ती परत एनडीपीएसमध्येच.

धरल्यावर पहिल्या दिवसात

झडती घेताना अंगझडती असेल तर कलम ५० प्रमाणे विचारावं लागतं, तुला गॅझेटेड ऑफिसर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती पाहिजे का. हे विचारलंच पाहिजे, नुसती सही घेऊन चालत नाही. पण हे फक्त अंगावरच्या झडतीला आहे, बॅग, डिकी, सॅक यांना नाही, हे सुप्रीम कोर्टाने कधीच स्पष्ट केलंय, त्यामुळे बॅगेत सापडलं असेल तर या मुद्द्यावर फार उड्या मारू नका. जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी नवीन बीएनएसएस कायदा आलाय, त्यात झडती आणि जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायला पाहिजे. ते केलं का, वकिलाला मागायला सांगा.

अटकेची कारणं लेखी मिळाली पाहिजेत, आणि आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे ती अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत पाहिजेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे सगळ्या गुन्ह्यांसाठी सांगितलंय. मराठीच येत असेल तर मॅजिस्ट्रेटसमोर उभं केल्यावर तसं सांगायचं, नम्रपणे, पण सांगायचंच. नाहीतर कन्नड कागदावर मुकाट सही करून बाहेर आल्यावर गल्लीत भाषेवरून भांडत बसण्यात काय अर्थ? चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेणं आणि घरच्यांना कळवणं हे तर आहेच.

चौकशीत पोरगा घाबरून काय काय बोलून जातो. अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, २०२० चा तूफान सिंग निकाल तेच सांगतो. पण जबाबातनं जी नावं निघतात त्यांच्या दारात पोलीस जातातच, म्हणून वकील येईपर्यंत कमी बोललेलं बरं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० ला फोन करा, कोर्टाच्या आवारातच त्यांचं ऑफिस असतं.

बेलबद्दल लोक दोन टोकाचं बोलतात. एक म्हणतो एनडीपीएसला बेलच नाही, दुसरा म्हणतो संध्याकाळपर्यंत सुटतो. मुंबई हायकोर्टाने २०२० मध्ये या कायद्यातले सगळे गुन्हे अजामीनपात्र म्हटले, म्हणजे ठाण्यात हक्काने सुटका नाही, पण कोर्ट देऊ शकतं. खरी कडक अट कलम ३७ ची, ती मुख्यतः व्यापारी मात्रेला लागते: हा दोषी नाही असं मानायला आधार आहे आणि बाहेर जाऊन परत गुन्हा करणार नाही, अशी कोर्टाची खात्री पटली पाहिजे. त्यात चार्जशीटला पण १८० दिवसांची मुदत. म्हणजे हिंडलग्याच्या जेलात सहा महिने काढायची तयारी ठेवावी लागते. छोट्या मात्रेत असलं काही नसतं, बेल सहसा मिळते.

पोरगा अठराच्या आतला असेल तर जेल नाही, बाल न्याय मंडळाकडे जातो. त्याला ज्याने दिलं त्याच्यावर मात्र जुवेनाइल जस्टिसच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंतची वेगळी शिक्षा आहे.

"दंड भर आणि मोकळा हो" असा सल्ला देणारे खूप भेटतात. दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल, हे ते सांगत नाहीत. सेवनाच्या केसमध्ये दंड परवडतो, पण पुढे पोलीस व्हेरिफिकेशनला, पासपोर्टला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या पोराला तो कागद आडवा येतो. कबूल करायच्या आधी कलम ६४ए विचारा. व्यसन असलेला माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल, आणि केस सेवनाची किंवा छोट्या मात्रेची असेल, तर खटल्यातनं सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडला तर ती सूट काढून घेतात. आपल्याला धारवाडचं डिमहान्स (मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल) जवळ आहे, आणि सल्ल्यासाठी १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन. हे कलम इतकं कमी का वापरतात मला कळत नाही, दंड भरून मोकळं होण्याची घाई हेच कारण दिसतंय.

बाहेरदेशी जाणाऱ्यांसाठी थोडक्यात

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर, बाहेर फिरताना ३० ग्रॅमपर्यंत, पण देशाच्या हद्दीबाहेर न्यायला किंवा आत आणायला बंदीच. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून मोठ्या माणसाला बाहेर २५ ग्रॅम, घरात तीन झाडं. थायलंडने जून २०२२ मध्ये मोकळं सोडलं आणि जून २०२५ मध्ये परत डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणलं, त्यामुळे जुना व्हिडिओ बघून कुणी जाऊ नये. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत चालतं पण केंद्राच्या कायद्यात नाही, आणि व्हिसा केंद्र देतं, राज्य नाही. एमएसला गेलेल्या पोरांनी हे नीट समजून घ्या. सिंगापूरला ५०० ग्रॅमच्या वर वाहतुकीला फाशी आहे. आखातात कामाला जाणाऱ्यांनी तर दुसऱ्याची बॅग हातात पण धरू नये, कुणी कितीही ओळखीचा असो.

आणि कायदेशीर करावं का यावर वाद घालायचा असेल तर

कट्ट्यावर हा वाद रंगतोच, पण दोन्हीकडचे लोक हवेत बोलतात. १९८५ च्या आधी आपल्याकडे गांजा सरकारी परवान्याच्या दुकानात मिळत होता, हे खरं. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही होती, त्यात पंचवीस वर्षांची सवलत होती, ती संपत आली तेव्हा हा कायदा आला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजा सगळ्यात कडक यादीतून काढायला २७ विरुद्ध २५ मतं पडली आणि भारताने काढायच्या बाजूने मत दिलं, हे पण खरं. पण ती यादी औषधी उपयोगाबद्दलची होती, ओढायला मोकळीक मिळाली असा अर्थ नाही. २०१६ मध्ये पटियालाचे खासदार धरमवीर गांधी यांनी सौम्य नशा वेगळी काढावी म्हणून खासगी विधेयक आणायचा प्रयत्न केला, पुढे काही झालं नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीत देशात वर्षभरात गांजा, चरस किंवा भांग घेतलेले साधारण ३ कोटी १० लाख लोक निघाले. एवढ्या लोकांना जेलमध्ये घालता येत नाही, म्हणून जो हाती लागतो तो जातो, आणि हाती कोण लागतो तर रूमवर राहणारा पोरगा किंवा मजूर, माल पाठवणारा नाही. सेवन आणि छोटी मात्रा यांना जेल नको, उपचार आणि दंड एवढंच ठेवा, हे मला पटतं.

पण "लीगल करा, शेतकरी श्रीमंत होईल" हे पटत नाही. उत्तराखंडने २०१८ पासून परवाना देऊन लावायला दिलंय ते नशेचं नाही, नशेचा अंश ०.३ टक्क्याच्या आत असलेलं धाग्याचं आणि बियांचं पीक. आणि नशेचं पीक जरी उद्या मोकळं झालं तरी दर कोण ठरवणार? तंबाखू पूर्ण कायदेशीर होता, तरी १९८१ ला निपाणीत शेतकऱ्यांना शरद जोशींच्या मागे हायवेवर बसावं लागलं ते दरासाठीच. बिडी वळणाऱ्या बायकांना विचारा कायदेशीर मालातून त्यांच्या हातात किती येतंय. दुसऱ्या बाजूला जे म्हणतात मोकळं केलं की सगळी पिढी वाया जाणार, त्यांनी पण एकदा आपल्या गल्लीतली कायदेशीर दारूची दुकानं मोजावीत आणि मग बोलावं.

एक मात्र, चालू केस असलेल्याने या वादावर भरवसा ठेवून बसू नका. "दोन वर्षांत लीगल होतंय, केस आपोआप जाईल" असं सांगणारे आहेत. २००१ मध्ये वजनाप्रमाणे शिक्षेचे टप्पे आले तेव्हा त्याचा फायदा कोर्टात चालू असलेल्या खटल्यांना दिला, पण शिक्षा होऊन अपिलात असलेल्यांना दिला नाही, आणि सुप्रीम कोर्टाने ते बरोबर धरलं. तेव्हा वकिलाकडून केसचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर घ्या, मोबाईलवर ई-कोर्ट्स अ‍ॅपमध्ये टाका, पुढची तारीख त्यात दिसते. तारीख चुकली की वॉरंट निघतं, आणि छोट्या मात्रेची बेल मिळालेला पोरगा तेवढ्यासाठी परत आत जातो.